अकरा चाळीसचं विमान

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, बाई उतारवयाला लागल्या आणि घसरल्या. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, घरात कधी लिंबू-मिरची टांगली नाही, आणि गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आपलं दार लावून घेते. पण मी एकोणीस वर्षांची असताना कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावर जे झालं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि ते थांबवलंही मीच. अव्वा गेली, अप्पा गेले. आता सांगायला हरकत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, शिवाप्पा. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, त्यामुळे घरात निम्मी मराठी, निम्मी कानडी, आईला अव्वा म्हणायचं, आणि रागवायचं झालं की अव्वा निव्वळ कानडीत रागवायची. अप्पा विमान कंपनीत आहेत असं सांगितलं की कॉलेजातल्या मैत्रिणींना ते पायलटच वाटायचे, आणि तो गैरसमज दूर करायची मला कधी घाई झाली नाही. अप्पांचं काम विमानाला हात दाखवायचं. मुंबईहून रोज पंख्यांचं एक छोटं विमान यायचं. ते पट्टीवर उतरून सिमेंटच्या फरशीकडे वळलं की अप्पा समोर उभे राहायचे, दोन्ही हातांत टेबलटेनिसच्या बॅटीसारख्या नारिंगी थाप्या. हात वर, हात पुढे, थोडं डावीकडे, आणि शेवटी डोक्यावर थाप्यांची फुली. फुली झाली की विमान जागच्या जागी थांबायचं. "एवढं मोटं धूड, पर शिवाप्पानं हात केला की म्हातारीगत गप बसतंय," असं अप्पांच्या हाताखाली सामान उचलणारे तुकाराममामा म्हणायचे.

कंपनी त्या जागेला स्टेशन म्हणायची. स्टेशन कसलं, माळ होता. माळावर एक धावपट्टी, एक बसकी इमारत, वारा कुठून येतो ते दाखवणारा काठीवरचा कापडी मोजा, आणि तारेचं कुंपण, ज्यातून शेळ्यामेंढ्या वाटेल तिथून आत यायच्या. इमारतीत तिकिटं देणारी टायवाली माणसं बसायची, पण अप्पांच्या तोंडी त्यांची नावं फारशी यायची नाहीत. अप्पांची माणसं तीन. एक हे तुकाराममामा, शेजारच्या गावचे शेतकरी, कुजबुजले तरी दोन शेतं ओलांडून ऐकू जायचं. जीप चालवणारे रशीदचाचा, विमान यायच्या आधी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीप पळवून कुत्री, टिटव्या, जे काय असेल ते हुसकणारे. आणि फाटकावर काठी घेऊन बसणारा केरबा, जो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन कुत्र्याशी.

रोज दहाला मुंबईहून फोन यायचा, हवा कशी आहे म्हणून. त्यासाठी म्हणे मोठी यंत्रं असतात. आमच्या इथलं यंत्र म्हणजे जोतिबाचा डोंगर. अप्पा बाहेर येऊन वायव्येला बघायचे. डोंगर दिसला की आत जाऊन सांगायचे, "जोतिबा दिसतोय, पाठवा." गगनबावड्याकडनं ढग चढले असले आणि डोंगर गेला असला की, "थांबा वाईच, जोतिबा न्हाई." मुंबईतल्या साहेबांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ते हवा विचारायचेच नाहीत, जोतिबा विचारायचे.

विमान अकरा चाळीसला यायचं. आमचं घर माळाच्या कडेला होतं, पट्टीपासून दहा मिनिटांच्या चालीवर. आधी तांब्याच्या हंड्यातलं पाणी थरथरायचं. मग फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणायच्या, आणि मग तो आवाज घरावरून जायचा. शेजारणीच्या कोंबड्या तोवर पाटीखाली पळालेल्या असायच्या. ताटल्या वाजल्या की अव्वा भात चढवायची. विमान उतरवून, परत मुंबईला लावून अप्पा एकला जेवायला यायचे, आणि त्यांना भात वाफाळताच लागायचा.

ते जेवण मला अजून आठवतं. ज्वारीची भाकरी, दह्यात कालवलेली शेंगाची चटणी, मटकीची उसळ, कधीमधी विमानात उरलेल्या डब्यातला केक, ज्याचे अव्वा सुरीने इतके सारखे तुकडे करायची की माझी भूमिती तिथेच सुरू झाली असावी. त्या डब्यांतून मिठाच्या कागदी पुड्या निघायच्या. आमच्या घरात कित्येक वर्षं मीठ विकत आणलेलं मला आठवत नाही. आणि जेवताना अप्पांचं तोंड एका घासापुरतंही बंद नसायचं. तुकारामनं आज कुणाची बॅग कशी पाडली, रशीदनं कोल्हा कसा पळवला, केरबा कुत्र्याला काय म्हणाला. "जेवा आदी," अव्वा म्हणायची. "त्यो रशीद काय आपल्या ताटात येऊन बसलाय व्हय?" एका अर्थी तो बसलेलाच असायचा. ती तीनही माणसं रोज आमच्या घरी जेवायला असायची, फक्त त्यांना ताट लागायचं नाही.

एकदा गवळ्याची म्हैस विमान उतरायच्या वेळेला पट्टीवर आली. रशीदचाचांची जीप तिकडच्या टोकाला, विमान खाली आलेलं. अप्पा थाप्या डोक्यावर फुली करून पट्टीवरून धावत सुटले. विमान बाभळीच्या उंचीवरून परत वर गेलं, एक घिरटी घालून दहा मिनिटांनी उतरलं. पायलटने खाली येऊन अप्पांशी हात मिळवला म्हणे. त्या दुपारी अप्पांना घास गेला नाही. मला म्हणाले, "ध्येनात ठेव सुमा. जनावर पट्टीवर असलं की इमान उतरत न्हाय. म्हशीपुडं पायलटाचं बी काय चालत न्हाय." मी ध्यानात ठेवलं.

मग एक दिवस विमान आलं, गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आलं नाही. कंपनीला कोल्हापूर परवडत नव्हतं. तसा कागद फॅक्सवर आला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट पडलं. टायवाली माणसं पुण्याला नाहीतर आपापल्या घरी गेली. चार दिवसांनी ट्रक येऊन जीप, शिडी, वजनकाटा, खुर्च्या, सगळं घेऊन गेला. ट्रकवाल्याच्या यादीत नव्हत्या म्हणून दोन नारिंगी थाप्या आणि विमानाच्या चाकाला लावायचे लाकडी ठोकळे तेवढे राहिले. फोन कापायच्या आधी मुंबईचे साहेब शेवटचं बोलले, "शिवाप्पा, मैदान तयार ठेवा हं. पुन्हा सुरू करता येतंय का, बघू या." मी पुढे शिक्षिका झाले, पालकांना हजारदा 'बघू या' म्हणाले, त्यामुळे त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. अप्पांना तो हुकूम वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळा शर्ट इस्त्री करून घातला आणि ते माळावर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तुकाराममामा, रशीदचाचा, केरबा, तिघंही यायचे. गल्लीतले लोक आधी हसले. "काय शिवाप्पा, आज इमान वेळेवर का?" असं कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचं, आणि अप्पा न रागावता सांगायचे, "वेळेवरच की." महिनाभराने लोक हसायचे थांबले. अप्पा रस्त्यावरून निघाले की कट्ट्यावरची माणसं दुसरीकडे बघायला लागली. मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटायचं.

त्याच सुमाराला मी तो आवाज ऐकला. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून कॉलेजची गणितं सोडवत होते. हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटली. ताटल्या किणकिणल्या. अव्वाने धुतलेले तांदूळ पातेल्यात ओतले. मी घड्याळ पाहिलं, अकरा चाळीस.

"अव्वा, काय वाजलं?"

"इमान आलं न्हवं का," ती म्हणाली, आणि झाकण ठेवता ठेवता तिचा हात थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी बाहेर पळाले. आभाळ स्वच्छ, रिकामं. शेजारणीच्या कोंबड्या पाटीखाली होत्या.

मी स्वतःला समजावलं. जवळून हायवे जातो, एखादा जड ट्रक गेला असेल. पण ट्रक दिवसभर जायचे आणि ताटल्या अकरा चाळीसलाच वाजायच्या. एकदा आमचं घड्याळ बंद पडलं होतं. तरी अप्पा एकला आले तेव्हा भात वाफाळत होता. अव्वा आणि मी त्या विषयावर बोलायचं टाळायला लागलो. अप्पांना तर आम्ही चकार शब्द बोललो नाही. त्यांना हे कळलं तर ते कधीच माळावरून परत यायचे नाहीत, अशी मला भीती होती. आज लिहितानाही पाठीवरून गार काहीतरी सरकतं, आणि मग मला माझाच राग येतो.

नंतर अप्पा घरी जेवायला यायचेही बंद झाले, म्हणून अव्वाने मला डबा घेऊन पाठवलं. केरबाने फाटक उघडून मला आत घेतलं आणि कुंपणापाशी उभं राहायला सांगितलं. रशीदचाचा सायकलवरून पट्टीच्या त्या टोकापर्यंत जाऊन, हॅट हॅट करत परत आले. अप्पा थाप्या घेऊन फरशीवर उभे होते.  मग अप्पांचे हात वर गेले. हात पुढे, हात पुढे, थोडं डावीकडे. ते एकेक पाऊल मागे सरकत होते आणि त्यांची नजर जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर कशावर तरी खिळलेली होती. डोक्यावर फुली झाली. तुकाराममामा वाकून पळत गेले आणि त्यांनी रिकाम्या फरशीवर ठोकळे लावले, एक पुढून, एक मागून. मग ते आणि केरबा एकामागे एक उभे राहिले आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला लागले. जड असल्यासारखं. तुकाराममामांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

हे सगळं एक वेळ मी खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण माळावरचं ते पिवळं कुत्रं, ज्याच्याशी केरबा बोलायचा, ते इमारतीच्या सावलीतून उठलं आणि माझ्याकडे यायला निघालं. सरळ रेषेत आलं असतं तर वीस पावलं होती. ते मध्येच वळलं, अंग चोरून मान खाली घातली, आणि विमानाचा पंख जिथवर आला असता तिथवर लांबचा वळसा घालून माझ्यापाशी आलं. मी डबा केरबाच्या हातात दिला आणि घरी येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

पावसाळा असाच गेला. कंपनी बंद पडून चौथा महिना लागला होता. अव्वा लोकांच्या शेतात तण भांगलायला जायला लागली होती, माझं शेवटचं वर्ष अडलं होतं, आणि खरं सांगायचं तर घरात मीठ सोडून सगळं संपत आलं होतं. अशात अव्वाचा भाऊ, बसवंतमामा, आला. तो शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मुकादम होता. बसल्याबसल्याच म्हणाला, "दाजी, तुमच्यासाटनं जागा धरलीया. मोल्डिंगला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी सातला गेटवर. त्या दिवशी न्हाई आलासा तर मालक दुसरा माणूस घेनार, दारात लाईन लागलीया. पुन्ना मला बी तोंड उगडता याचं न्हाई."

अप्पांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "सोमवारी? मग सोमवारी इमान कोन लावनार?"

मामाने अव्वाकडे पाहिलं. अव्वा पदर तोंडाशी धरून आत गेली. मी मात्र चिडले. त्या वयात मला भीती वाटली की मी चिडायची, अजूनही तसंच होतं. "अप्पा, कसलं विमान? लोक खुळं म्हणाय लागलेत तुम्हाला!" मी ओरडले.  दसऱ्याला अजून आठवडा होता, मामा म्हणाला, विचार करा.

विचार होईल असं मलाही वाटलं होतं, पण मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या जिवावर पोट चालतं त्याची पूजा होते, नांगराची, ट्रकची, शिलाई मशीनची. विमान होतं तेव्हा त्याचीही व्हायची. चाकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पुढच्या चाकाखाली लिंबू, की निघताना ते चिरडलं पाहिजे. पायलट हसत हसत चिरडायचा. त्या वर्षी चौघांनी ठोकळ्यांना हळदकुंकू वाहिलं, थाप्यांना माळ घातली, आणि अप्पांनी फरशीवर नेमक्या जागी एक लिंबू ठेवलं. अव्वाने केलेली हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, घेऊन मी गेले होते, त्यामुळे ते लिंबू ठेवताना मी पाहिलं. पिवळंधमक, अख्खं. आम्ही पाचही जण इमारतीच्या मागे सावलीत हुग्गी खायला बसलो. फाटकाला कुलूप होतं, किल्ली केरबाच्या कमरेला. जीप कधीच गेली होती. परत आलो तर लिंबू फरशीला चिकटलेलं होतं. बिया चारी दिशांना उडाल्या होत्या आणि साल कागदासारखं सपाट झालं होतं.

रशीदचाचा खाली बसले, बोट लावून त्यांनी ते पाहिलं. "शिवाप्पा," ते हळूच म्हणाले, "ये तो चक्का गेलाय रे याच्यावरनं." तुकाराममामांनी हात जोडले. केरबा कुत्र्याकडे बघत राहिला. अप्पांच्या चेहऱ्यावर एकदम लहान मुलासारखं काहीतरी आलं. मी गणिताची विद्यार्थिनी, मनातल्या मनात सगळ्या शक्यता मोजून पाहिल्या. एकही बसली नाही. आजतागायत बसलेली नाही.

संध्याकाळी अप्पांनी बसवंतमामाला निरोप धाडला, जमणार नाही. अव्वा चुलीपुढे बसून राहिली होती. मला म्हणाली, "तू शिकल्यालीस. तूच कायतर कर, यव्वा. मानूस हातचं चाललंय." तिने रडायला हवं होतं, पण ती रडत नव्हती, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. चार महिने आम्ही अप्पांना डोळ्यांदेखत माळावर हरवताना पाहत होतो. सोमवार गेला असता तर ते पुन्हा कुठल्याच सोमवारी आमचे झाले नसते. मी ठरवलं. समजावून उपयोग नव्हता, ओरडून झालं होतं. पण त्या माळावर एक नियम असा होता जो अप्पांनाही मोडता यायचा नाही.

शनिवारी साडेअकराला मी कुंपणाच्या मागच्या बाजूला गेले. गवळ्याची सून तिथे म्हशी चारत होती. "जा वैनी, खाऊन घ्या चार घास. मी बघतो की म्हशी," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही 'बघतो'च म्हणतात, त्याला कुणी हसायचं कारण नाही. ती झाडाखाली भाकरी सोडायला गेली आणि मी तार वाकवून सातही म्हशी आत घातल्या. रशीदचाचांची सायकल नुकतीच परत फिरली होती. पट्टीवर पोचल्यावर म्हशींना एकदम मोकळं वाटलं असावं, त्या पसरल्या आणि उभ्या राहिल्या. मी मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर काठी घेऊन उभी. लांबवर फरशीवर अप्पा दिसत होते, हात वर जायच्या बेतात.

मग आवाज आला. घरी ऐकू यायचा तसा किणकिणाट नव्हे. पूर्वेकडून, खालून, माझ्या अंगावर येणारा. पायाखालचं डांबर थरथरायला लागलं. सातही म्हशींनी एकाच वेळी माना वर केल्या आणि एकाच दिशेला पाहिलं. मीही पाहिलं. काहीही नव्हतं, नुसतं ऊन. माझी ओढणी मागे ताणली गेली, रॉकेलसारखा उग्र वास आला, आणि मला एवढंच कळलं की मी चुकीच्या जागी उभी आहे.

अप्पांनी आम्हाला पाहिलं. थाप्या डोक्यावर फुली करून ते धावत सुटले, पट्टीच्या मधोमध, माझ्याकडे, तोंड आभाळाकडे. त्यांच्या मागे तुकाराममामा, रशीदचाचा, केरबा, सगळे हात हलवत धावत होते. आवाज माझ्या डोक्यावरून गेला. मी खाली बसले, कान झाकले. तो वर चढत गेला, पश्चिमेला वळला, गगनबावड्याच्या ढगांकडे बारीक बारीक होत गेला आणि मग संपला. परत फिरून आला नाही. मी बराच वेळ ऐकत राहिले. आपण एका विमानाला कुठेच उतरू दिलं नाही असं वाटून मी हमसून हमसून रडले.

अप्पा माझ्याजवळ येऊन थांबले. धापा टाकत होते. त्यांनी मला मारलं नाही. म्हशी हाकून कुंपणाबाहेर घातल्या, वाकवलेली तार सरळ केली. मग त्या तिघांकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, तुकाराममामांचंसुद्धा नाही. रशीदचाचांनी अप्पांच्या खांद्यावर थोडा वेळ हात ठेवला, सायकल घेतली, आणि तिघंही फाटकातून तीन वाटांनी गेले. केरबाने जाताना किल्ली फाटकालाच अडकवून ठेवली.

घराकडे येताना मी म्हणाले, "अप्पा, मी मुद्दाम केलं. पण तो आवाज... ते वरून गेलं, तुम्ही ऐकलंत ना?"

"कसला आवाज?" अप्पांनी विचारलं.

मला वाटलं ते मला शिक्षा म्हणून असं बोलतायत. पण त्यांचा चेहरा खरा होता. "तिथं कंदी आवाज आला न्हाई, सुमा. आमा चौघास्नी एक दिस बी न्हाई. इमान न्हाई त्ये काय मला म्हाईत न्हवतं? मला काय खुळं समजलीस?"

"मग धावलात कशाला?"

"म्हशी हुत्या की पट्टीवर," ते म्हणाले. "म्हशी असल्या की फुली कराची."

माळ संपत आला, घर दिसायला लागलं. मग ते म्हणाले, "इमान न्हवतं, पर आमी चौघं हुतो न्हवं. सकाळी उटून एकमेकाकडं जायाचं, हुबं ऱ्हायाचं. कंपनीनं चार म्हैन्यामागं नुस्ता कागद दिला हुता. कामावरनं काडलं त्ये आज." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी सहाला अप्पा शिरोलीला जायला निघाले. अव्वाने डबा भरून दिला, दारात उभी राहून ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत पाहिलं, आणि आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी अकरा चाळीसला ताटल्या वाजल्या नाहीत, पुढेही कधी नाहीत. माझं शिक्षण पुरं झालं, मला नोकरी लागली, घराला पक्कं छप्पर आलं, हे सगळं त्या फौंड्रीच्या जिवावर. मी केलं ते बरोबरच केलं, असं मला कुणीही विचारलं तरी मी सांगेन. आता तर कोल्हापूरला मोठी विमानंही येतात म्हणे. माझ्या मुलाने दोनदा तिकीट काढतो म्हटलं, मी एसटीनेच गेले.

अप्पांनी फौंड्रीत चौदा वर्षं काढली. एकदाही खाडा केला नाही. संध्याकाळी साच्यांच्या काळ्या वाळूने माखून यायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे. अव्वा सुरुवातीला मुद्दाम विचारायची, आज काय झालं, कोण काय म्हणालं. ते मान हलवायचे आणि भाकरी मोडायचे. मग तिनेही विचारणं सोडलं. त्या चौदा वर्षांत आमच्या घरात जेवताना तिथल्या एकाही माणसाचं नाव निघालं नाही.